फोडाक्काची रिकामी खोली

बोलकी बाहुली फोडायची असेल तर आधी तिच्या पोटातली बॅटरी काढावी, असं फोडाक्का प्रत्येक नव्या बाईला पहिल्याच दिवशी बजावायची. नाहीतर घण बसला की बाहुली बोलते. छाती चेपते, एक डोळा निखळून जमिनीवर गरगरत जातो, आणि तरी आतून तो गोड आवाज येतच राहतो, "आई, मला कडेवर घे ना!" हे ऐकून एक नवी बाई शेडच्या दारात जाऊन भडाभडा ओकली होती. फोडाक्काने तिची पाठ चोळली, पाणी पाजलं, मग परत येऊन त्या बाहुलीच्या टाळक्यात असा घाव घातला की ती अर्ध्या शब्दावर गप्प झाली.

"रडायचं तर रड बाई," ती त्या नवीला म्हणाली, "पण घण चालवता चालवता रड. थांबलेला हात मुकादमाच्या डोळ्यात खुपतो."

एका अवाढव्य गोदामाच्या पाठीमागे ही पत्र्याची शेड होती. दुकानांत न खपलेला, गिऱ्हाइकांनी 'रंग आवडला नाही' म्हणून परत धाडलेला माल तिथे यायचा. सगळा कोरा. कित्येक खोक्यांची टाचणीसुद्धा निघालेली नसायची. कंपनीचं म्हणणं सरळ होतं, हा माल स्वस्तात बाजारात गेला तर नवा कोण घेईल? तेव्हा फोडा. दारापाशी एक माणूस बसायचा आणि मरायला आलेल्या खोक्याच्या तोंडावर लाल चिकटपट्टी मारायचा. लाल पट्टी दिसली की विचारायचं काही नाही. पट्टी चिरायची, वस्तू काढायची, घण घालायचा. फाटकावर अंगझडती व्हायची, घरी नेता येत नसे काही, साधं बटणसुद्धा.

बुटांचे तळवे चिरणाऱ्या बाया एका बाजूला. कपड्यांना कात्री लावणाऱ्या दुसऱ्या बाजूला. त्यांतली एक, तिला सगळे कात्रीवालीच म्हणत, ऊबदार कोट पाठीवरून असे उभे फाडायची की बघणाऱ्याच्या पाठीतून कळ जावी. मधे अत्तराच्या बाटल्यांचं पिंप. दिवसभर त्यात बाटल्या फुटायच्या आणि संध्याकाळी अख्खी शेड नवरीसारखी दरवळत घरी जायची. कात्रीवाली म्हणायची, "आमचे हे विचारतात, रोज उठून कुणाच्या लग्नाला जातेस गं? म्हटलं, लग्न कसलं, खाटीकखान्यात जाते."

काच, चिनी माती आणि यंत्रं यांचा कोपरा फोडाक्काचा. तिचं खरं नाव पगार वाटणाऱ्यालाच काय ते माहीत. रुंद खांदे, आखूड मान, केसांत कायम काचेची कणी, आणि हातात बुटक्या दांड्याचा स्वतःचा घण. तो ती शेडमध्ये ठेवत नसे. कापडी पिशवीत घालून रोज घरी न्यायची आणि रोज परत आणायची. दुसऱ्याने चालवला की दांडा बिघडतो, असं तिचं मत.

तिलाही एके काळी वस्तूंचं वेड होतं. लग्नाआधी ती एका दुकानाच्या काचेला नाक लावून उभी राहायची. आत एक चहाचा संच होता, पांढरा, निळ्या काठाचा, आणि तो आपल्या घरी असेल तर आपण बसू कशा, बोलू कशा, इथपर्यंत तिचं सगळं ठरलेलं होतं. नवरा ट्रकवर होता. त्याला बायकोची ही हौस ठाऊक, म्हणून प्रत्येक फेरीला काहीतरी आणायचा. काचेचा हंस, कापडी फुलं, आत दिवा लागणारं घड्याळ. ती पुसायची, मांडायची, पुन्हा पुसायची. पुढे घाटात ट्रक उलटला आणि माल, नवरा सगळं दरीत गेलं. पोराला पोटाशी धरून ती शेडमध्ये आली.

पहिल्याच दिवशी तिच्यापुढे जे खोकं आलं त्यात तो संच होता. पांढरा, निळ्या काठाचा.

"अहो, हा तर चांगला आहे," ती मुकादमाला म्हणाली.

"म्हणून तर फोडायचाय. खराब असता तर असाच फेकला असता. चल, हात उचल."

पहिली कपबशी तिने डोळे मिटून फोडली. दुसरी रडत. किटलीपाशी येईतो तिचे दात आवळलेले होते आणि किटलीचं नाक उडालं तेव्हा तिच्या तोंडून एक शिवी गेली, कुणाला ते तिलाही कळलं नाही. संध्याकाळी घरी येऊन तिने फळीकडे बघितलं तर हंस दिसेना, हंसाचे तुकडे दिसले. घड्याळाची चाकं, फुलांच्या तारा. प्रत्येक वस्तू कुठे घाव घातला म्हणजे कशी फुटेल ते तिला दिसायला लागलं. महिन्याभरात तिने घर वाटून टाकलं. हंस शेजारणीला, घड्याळ जिन्याखालच्या म्हाताऱ्याला, कपाट ज्याला उचलेल त्याला.

उरलं ते असं. एक चूल, दोन पातेली, ताटल्या, पत्र्याची बादली, गादी, कपड्यांची दोरी, खिडकी. मधली सगळी जमीन मोकळी. कामावरून आली की कानांत काच फुटत असायची. दार लावायचं, भिंतीला पाठ टेकायची, पाय लांब सोडायचे. समोर फुटेल असं काही नाही. हळूहळू कान निवायचे. त्या मोकळ्या जमिनीकडे ती अशी बघायची जसं एखादी श्रीमंत बाई दागिन्यांच्या पेटीकडे बघते. दुसरं लग्न तिने याच पायी नाकारलं, अशी चाळीत वदंता होती. आलेला माणूस चांगला होता, पण त्याच्यासोबत सोफा येणार होता.

हे सगळं पोराने सोसलं, हेही सांगायला हवं. त्याचे मित्र म्हणायचे, "तुझ्या घरी चोर आला तर बिचारा काहीतरी ठेवून जाईल." तो हसायचा आणि घरी येऊन भिंतीला लाथा मारायचा. शाळेच्या दारात आई घ्यायला आली की तिच्या केसांतली काच उन्हात चमकायची आणि तो तिला ओळख द्यायचा नाही. मोठा झाला आणि नेमका मोठ्या दुकानात विक्रेता झाला. जिभेवर साखर, अंगात कोट. गल्लीने त्याचं नाव 'शेठ' ठेवलं. "लेक विकतो, आई फोडते," लोक म्हणायचे, "घरातल्या घरात धंदा!"

शेठने लग्न केलं, दोन गल्ल्या पलीकडे घर घेतलं आणि ते भरायला घेतलं. पाय दाबायचं यंत्र, भाजी चिरायचं यंत्र, चालायचा पट्टा, ज्यावर कपडे वाळायचे. सूनबाई आडवी होऊन स्वयंपाकघरात शिरायची. एकदा माळ्यावरची पेटी घसरली आणि तिच्या खांद्यावर आली. महिनाभर तिचा हात वर होत नव्हता.

"आई, चार दिवस एवढी दोन खोकी तुझ्याकडे ठेवू?" शेठने विचारलं.

एकुलता एक. तिने ठेवू दिली. चार दिवसांची खोकी कधी उठतात? त्यांना भावंडं झाली. खिडकी अर्धी झाकली गेली, मग पूर्ण. कामावरून आल्यावर फोडाक्का खोक्यांच्या मधल्या बोळातून गादीपर्यंत जायची आणि गुडघे पोटाशी घेऊन बसायची. कान निवेनासे झाले. झोपेत ती हात आपटायची.

"सांगत का नाहीस त्याला?" कात्रीवालीने विचारलं.

"कसं सांगू? लहानपणी काही दिलं नाही मी त्याला."

"म्हणून आता खोली देणार?"

फोडाक्काने पुढचं खोकं ओढलं. आणि मग शेठ एक दिवस आला तो ठरवूनच आला. "आई, महिनाअखेर तू आमच्याकडेच चल. म्हातारपणी एकटी कशाला? ही खोली मालाला होईल."

"मी राहू कुठे तिकडे? पाय ठेवायला जागा आहे का?"

"पाय ठेवायला यंत्र आहे!" तो हसला. तिलाही हसू आलं. पोरगं बोलायला गोड. ती नाही म्हणाली नाही, आणि त्याने ते हो धरलं.

शेठच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी वस्तू म्हणजे झुंबर. वर्षभरात सगळ्यांत जास्त विक्री केली म्हणून दुकानाने सत्कार करून दिलेलं. खरं काचेचं, लोलकांचं. जुन्या नाटकघरांत पडद्याआधी दिवे मंदावत, तेव्हा छतातून जसं शेवटचं लुकलुकत राही, तसलं. ते टांगायला शेठच्या घराला उंचीच नव्हती. पुढे कधी मोठं घर होईल, त्याच्या दिवाणखान्यासाठी ते होतं. सूनबाईने एका सकाळी ते खोकं सासूच्या खोलीत आणून ठेवलं. तोंड उघडं पडत होतं म्हणून घरात हाताला लागली ती चिकटपट्टी आडवी मारली. पट्टी लाल होती.

त्या दिवशी शेडमध्ये कहर होता. सणासुदीचा बाजार नुकताच उठलेला, परत आलेल्या मालाचे ट्रकवर ट्रक. फोडाक्काने पहाटेपासून घण उचलला तो दुपारीच खाली ठेवला. बोटं वळलेली होती ती सरळ होईनात. पिशवी खांद्याला लावून ती जिना चढली, बोळातून आत शिरली आणि बसली. डोळे मिटत होते, हात मात्र मांडीवर आपोआप उडत होते, जसा पालीच्या तुटलेल्या शेपटीचा तुकडा उडतो.

समोर खोकं होतं. खोक्याच्या तोंडावर लाल पट्टी.

हात पिशवीत गेला. पट्टी चिरली. वस्तू निघाली. घण वर गेला आणि खाली आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. लोलक बंदुकीच्या छऱ्यांसारखे भिंतींवर उडाले, पितळी कमान कण्हत वाकली, तिने ती पायाखाली धरून मधोमध ठेचली. काम सफाईचं झालं. मुकादमाने शाबासकी दिली असती. एक लोलक गालात घुसला आणि ऊन रक्त ओठावर आलं, तेव्हा तिने सवयीने चष्मा चाचपला. कामावर डोळ्यांवर चष्मा असतो. तो नव्हता. चष्मा नाही म्हणजे आपण शेडमध्ये नाही, एवढं तिच्या ध्यानात आलं, आणि मग बाकीचं आलं.

त्याच वेळी दारात शेठ आणि सूनबाई उभी राहिली, दोघांच्या मधे आणखी एक खोकं.

"आई." त्याचा आवाज अगदी बारीक होता. "हे काय केलंस?"

"लाल पट्टी होती रे."

"काय?"

"खोक्यावर लाल पट्टी होती. माझा हात गेला."

शेठने बायकोकडे पाहिलं. "मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "घरात तीच सापडली."

"खोटं बोलतेस, आई! मुद्दाम केलंस तू. खोली सोडायची नव्हती, म्हणून!"

मुद्दाम केलं की नाही ते फोडाक्कालाही सांगता येत नव्हतं. हाताला विचारावं तर हात अजून उडत होता.

शेठने खोकं टाकलं आणि तिच्या हातातला घण हिसकला. कोट घातलेला, केस चापून बसवलेला, गिऱ्हाइकांना 'या ना' म्हणणारा तो माणूस, पण चेहऱ्यावरचं सगळं उतरलं होतं आणि खाली भिंतीला लाथा मारणारं पोर उभं होतं. "थांब. आता तुझं फोडतो. तुलाही कळू दे!"

त्याने ताटलीवर घण घातला. ताटलीला पोचा आला, ती उडाली, ठणठणत फिरली आणि पडली. पातेल्यावर घातला, पातेलं वाकलं. बादलीवर घातला, बादली चेपली आणि घरंगळून पुन्हा त्याच्याच पायाशी आली. गादीवर घातला तर घण थुप करून आत बसला, धूळ उडाली, त्याला ठसका लागला. तो खिडकीच्या काचेकडे वळला.

"ती घरमालकाची आहे," फोडाक्का म्हणाली.

सूनबाईच्या तोंडून हसू फुटलं. भीतीचं होतं, पण फुटलं, आणि त्या हसण्याने घात केला.

"तुझं काय आहे?" शेठ ओरडला. गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या. "सांग ना! एवढ्या वर्षांत तुझं म्हणून काय आहे या घरात?"

"मोकळी जागा होती. ती तू आधीच भरलीस."

घण वर गेला. आपण तिच्या डोक्यामागच्या भिंतीवर मारणार होतो, असं शेठ पुढे कायम सांगत राहिला. फोडाक्काने ते कधी मान्य केलं नाही आणि कधी खोडूनही काढलं नाही. तिने डावा हात आडवा धरला आणि घण त्या हातावर बसला.

काच कशी वाजते, चिनी माती कशी, पत्रा कसा, प्लॅस्टिक कसं, हे तिला झोपेत कळायचं. हा आवाज नवा होता. ओली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा, दबका. क्षणभर तिला वाटलं, हे काय फुटलं? मग हात कोपराखाली भलत्याच दिशेला लोंबला आणि ती काचांच्या सड्यावर बसली.

शेठने तिला पाठीवर घेतलं आणि जिन्यावरून अक्षरशः धावत सुटला. त्याच्या कोटावर तिच्या गालाचं रक्त. तो मोठ्याने "आई, आई" करत होता. ती त्याच्या कानाशी म्हणाली, "ओरडू नको. हादरा बसतो."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला, गालातली काच पाहिली. "कशानं झालं हे?"

"पडली," शेठ म्हणाला. "जिन्यात."

"पडले नाही," फोडाक्का म्हणाली. "यानं मारलं. हा माझा मुलगा. माझ्याच घणानं मारलं. त्याआधी मी त्याचं झुंबर फोडलं, तेही लिहा."

शेठने खाली बघितलं. नाटकात अशा वेळी आई लेकराला पदराखाली घेते आणि प्रेक्षक डोळे पुसतात. इथे फोडाक्का हात पुढे करून बसली होती आणि हाडाकडे बघत होती.

"पोलिसांत कळवावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तक्रार करायची का, ते तुम्ही सांगा."

"आधी हाड बसवा. मग सांगते."

हाड बसवताना ती पलंगाच्या कडीला दातांनी धरून राहिली. प्लास्टर वाळल्यावर तिने शेठला जवळ बोलावलं.

"मला इथून सोडतील तेव्हा मी खोलीवर जाणार. खोली मोकळी दिसली तर तक्रार नाही. एक जरी खोकं दिसलं तर मी तशीच मागे फिरेन आणि चौकीवर जाईन. पायांनी धड आहे मी."

"आई! पोटच्या पोराला आत टाकशील?"

"पोटच्या पोराने हात तोडलेला चालतो का?"

"मग सगळा माल नेऊ कुठे मी?"

"ते मला विचारू नको. माझ्या खोलीत नाही. आणि हमाल लावायचा नाही, स्वतः उचलायचं."

शेठ तिला ओळखत होता. दुसऱ्या दिवशी त्याने कोट काढला आणि खोकी उतरवायला लागला. स्वतःच्या घरात टाचणी ठेवायला जागा नव्हती, म्हणून माल गल्लीत उभा राहिला. लोक जमले. "काय शेठ, सेल लावला का?" कुणीतरी म्हणालं. शेठच्या जिभेवरची साखर संपली होती. "न्या," तो म्हणाला. "न्या ज्याला हवं ते!"

मग जे झालं ते बघायला फोडाक्का नव्हती, खोलीवर तिला शोधत गेलेल्या कात्रीवालीने ते पलंगाशी बसून सांगितलं. ज्यांनी आयुष्यात एकमेकांना मोठ्याने हाक मारली नव्हती ते शेजारी एकमेकांच्या अंगावर गेले. पाय दाबायचं आणखी एक यंत्र खोक्यातून निघालं, त्यावरून दोघांची जुंपली. एकाचा दात पडला, दुसऱ्याचा सदरा फाटला, आणि ओढाताणीत यंत्राची तंगडीच उपटून आली. भाजी चिरायचं यंत्र एका बाईने दुसरीच्या डोक्यात हाणलं. शेठ मधे पडायला गेला तर त्यालाच दोन बसल्या. सूनबाई जिन्याच्या पायरीवर बसून हे पाहत होती. थोड्या वेळाने ती उठली, दोन गल्ल्या चालत घरी गेली, आणि चालायचा पट्टा एकटीने ओढत घेऊन आली.

"हाही न्या," ती म्हणाली.

फोडाक्का परतली तेव्हा खोली रिकामी होती, झाडलेली होती. तिने प्रत्येक कोपरा पाहिला आणि मग बसली. फरशीच्या फटींत लोलकांची कणी पुढे कित्येक दिवस टोचत राहिली. हात जरा वाकडाच जुळला. घण आता उचलवत नाही, ती कात्रीवालीच्या समोरच्या बाजूला बसून बुटांचे तळवे चिरते आणि हळू चिरते म्हणून मुकादमाच्या शिव्या खाते.

सूनबाई अधूनमधून दुपारची येते. पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या काखेत घडीची खुर्ची होती. "आई, मला जमिनीवर बसायला त्रास होतो. एवढी एकच ठेवू?"

"तू ये आत. खुर्ची जिन्यात राहू दे."

ती आली, उताणी पडली, हातपाय चारी दिशांना पसरले आणि घोरायला लागली.

शेठला मात्र फोडाक्काने आत घेतलं नाही. तो सुटीच्या दिवशी यायचा, उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, भाजीची पिशवी आत सरकवायचा, "हात कसा आहे?" विचारायचा. "आहे," ती म्हणायची. तो जायचा. असं बरेच दिवस चाललं. शेवटी एकदा तो जाईना.

"येऊ का आत?"

खाली रस्त्यावर एक गाडी आली, थांबली, गेली.

"ये."

तो आत आला आणि मधोमध उभा राहिला. एवढ्या मोकळ्या जागेत हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. आधी खिशात घातले, मग मागे बांधले.

"आता काय करू?" त्याने विचारलं.

"काही नाही. बस."

तो बसला. बऱ्याच वेळाने त्याचे खांदे हलायला लागले आणि तो तोंडात मूठ कोंबून रडायला लागला. फोडाक्काने त्याला रडू दिलं. ती उठून त्याच्याजवळ गेली नाही, त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. हात अजून दुखत होता. पण जा, असंही ती म्हणाली नाही.